व्हिडिओ कन्व्हर्ट करताना कॉम्प्युटर तापतो, वेग पडतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या जुन्या कॅसेट आणि मोबाइलवर साठलेले व्हिडिओ एका सुटसुटीत स्वरूपात आणून ठेवणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उदाहरणं मुख्यतः हँडब्रेक आणि एफएफएमपेग या दोन फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमची घेतली आहेत. बाजारातली कन्व्हर्ट करणारी बरीच इतर सॉफ्टवेअरही आतून एफएफएमपेगच वापरतात, त्यामुळे मुद्दे तिथेही लागू पडतील.

कन्व्हर्ट सुरू केलं की टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १०० टक्के दिसतो. काही बिघडलंय का?

नाही. उलट तो ३०-४० टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर कुठेतरी अडतंय असं समजा. तासाभराच्या व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं धरली तरी ९० हजार चित्रं होतात. फुल एचडी असेल तर त्या प्रत्येक चित्रात २० लाखांहून जास्त ठिपके. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून बांधणारा भाग, प्रत्येक चित्र मागच्या-पुढच्या चित्रांशी ताडून बघतो, काय हललं आणि काय तसंच राहिलं हे शोधतो आणि फरक तेवढा लिहून ठेवतो. हे काम तुकडे पाडून प्रोसेसरच्या सगळ्या कोअरवर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांवर, वाटता येतं, म्हणून सगळे कोअर एकाच वेळी जुंपले जातात. ब्राउझर किंवा एक्सेल वापरताना प्रोसेसर बहुतेक वेळ तुमच्या पुढच्या क्लिकची वाट बघत रिकामा असतो. इथे त्याला उसंत मिळत नाही, म्हणून तो तापतो.

मग तापू नये म्हणून सगळ्यात आधी काय करावं?

ती फाइल कन्व्हर्ट करण्याची खरंच गरज आहे का, ते बघा. हे उत्तर लोकांना आवडत नाही, पण निम्मी डोकेदुखी इथेच संपते.

एमकेव्ही, एमपी४, एमओव्ही ही नुसती डब्यांची नावं आहेत. आतला व्हिडिओ एच.२६४, एच.२६५ किंवा आणखी कशात तरी बांधलेला असतो. तुमचा टीव्ही एमकेव्ही फाइल घेत नसेल, पण आत एच.२६४ व्हिडिओ आणि एएसी आवाज असेल, तर फक्त डबा बदलला की झालं. याला रीमक्स म्हणतात. एफएफएमपेगमध्ये कोडेकच्या (व्हिडिओ-आवाज बांधायच्या पद्धतीच्या) जागी 'कॉपी' असं सांगितलं की व्हिडिओ आणि आवाज जसेच्या तसे उचलून नव्या डब्यात ठेवले जातात. दोन तासांची फाइल मिनिटाच्या आत होते, फॅनचा आवाजही चढत नाही आणि दर्जा कणभरही उतरत नाही. लॉसलेसकट हा प्रोग्रॅम हेच काम माउसने करू देतो, सुरुवातीचा-शेवटचा नको असलेला भागही कापतो. हँडब्रेकला मात्र हे जमत नाही. तो व्हिडिओ प्रत्येक वेळी नव्याने बांधतो.

आत नेमकं काय आहे हे बघायला मीडियाइन्फो वापरा, किंवा व्हीएलसीमध्ये फाइल उघडून टूल्स मेन्यूतली कोडेकची माहिती वाचा.

अडचण फक्त आवाजाची असेल, म्हणजे टीव्हीवर चित्र दिसतं पण आवाज येत नाही, तर व्हिडिओ कॉपी करून तेवढा आवाज एएसीमध्ये कन्व्हर्ट करा. आवाजाचं काम प्रोसेसरला किरकोळ आहे.

किती तापमान चालतं? ९५ अंश बघून घाबरायला झालं.

बहुतेक इंटेल प्रोसेसरची वरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेत ती ९५ आहे, आणि पूर्ण भाराखाली ९५ गाठणं हे त्या मालिकेत अपेक्षितच धरलेलं आहे, असं एएमडीने स्वतः सांगितलं आहे. मर्यादेला टेकला की प्रोसेसर आपणहून वेग आणि व्होल्टेज उतरवतो. तरीही तापमान चढतच राहिलं तर मशीन थेट बंद पडतं. म्हणजे चिप जळू नये याची सोय चिपमध्येच आहे.

माझा हिशोब असा: डेस्कटॉपवर तासाभराच्या कामानंतर ८५ च्या खाली असेल तर निवांत राहा. लॅपटॉपमध्ये ८५ ते ९५ हे रोजचंच चित्र आहे. आकडा मर्यादेला चिकटून बसला असेल आणि सोबत वेगही पडत असेल, तेव्हा हात घालायचा. वेग टिकून असताना नुसत्या आकड्यासाठी झोप घालवू नका.

तापमान बघायचं कसं?

विंडोजचा टास्क मॅनेजर ग्राफिक्स कार्डचं तापमान दाखवतो, प्रोसेसरचं दाखवत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेंप घ्या. एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'थर्मल थ्रॉटलिंग' अशी वेगळी ओळ असते. तिथे 'येस' आलं की प्रोसेसर उष्णतेमुळे मागे हटतोय हे पक्कं. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स टाकून टर्मिनलमध्ये बघता येतं.

आणि एक सोपा मापक तुमच्या समोरच असतो. हँडब्रेक खाली सेकंदाला किती फ्रेम होताहेत ते दाखवतो: आत्ताचा वेग आणि सरासरी. दोन्हींत वीस मिनिटांनी किती अंतर पडलं ते पाहिलं की मशीनची तब्येत कळते.

सुरुवातीला वेग छान असतो, अर्ध्या मिनिटात धाडकन खाली येतो. असं का?

हे बहुतेकदा उष्णतेमुळेही नसतं. इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरला दोन वीजमर्यादा दिलेल्या असतात, एक थोड्या वेळासाठीची आणि एक कायमची. पातळ लॅपटॉपमधला १५ वॉटचा प्रोसेसर सुरुवातीला ४०-५० वॉटही खेचतो, आणि साधारण अर्ध्या मिनिटात कायमच्या मर्यादेवर येतो. वेब पान उघडणं, मोठी फाइल उघडणं असल्या झटक्याच्या कामांसाठी ही सोय आहे. व्हिडिओचं काम तासन्‌तास चालतं, म्हणून दुकानात दिसलेला चपळपणा इथे टिकत नाही.

वेग अर्ध्या मिनिटात पडून तिथेच स्थिर झाला तर तो वीजमर्यादेचा खेळ आहे, त्यात दुरुस्त करण्यासारखं फारसं काही नाही. दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू उतरत गेला किंवा सारखा वरखाली हेलकावत राहिला, तर ती उष्णता. धूळ, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप), हवा हे सगळे उपाय या दुसऱ्या प्रकारासाठी आहेत.

ग्राफिक्स कार्डावर टाकलं तर प्रोसेसर सुटेल ना?

बऱ्याच अंशी. इंटेलचं क्विक सिंक, एनव्हिडियाचं एनव्हीएन्क, एएमडीचं व्हीसीएन आणि अ‍ॅपलचं व्हिडिओटूलबॉक्स हे सगळे चिपवरचे व्हिडिओपुरते बनवलेले वेगळे कोपरे आहेत. गेम खेळताना ग्राफिक्स कार्डाचा जो भाग तापतो तो इथे फारसा वापरलाच जात नाही, त्यामुळे वेग कित्येक पट वाढूनही उष्णता कमी राहते. क्विक सिंक २०११ मध्ये इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरसोबत आलं. एच.२६५ साठी किमान सहावी पिढी हवी. एव्ही१ हा आणखी नवा कोडेक हवा असेल तर इंटेल आर्क, एनव्हिडियाची आरटीएक्स ४० किंवा एएमडीची आरएक्स ७००० मालिका, म्हणजे २०२२ पासूनची कार्डं.

दोन सापळे लक्षात ठेवा. इंटेलच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतं त्यांत अंगचं ग्राफिक्स नसतं, म्हणून क्विक सिंकही नाही. आणि एनव्हिडियाचं प्रत्येक कार्ड एन्कोड करू शकत नाही. आपल्याकडे भरपूर विकलं गेलेलं जीटी १०३० आणि लॅपटॉपमधलं एमएक्स१५० या दोघांतही एन्कोडर नाही. व्हिडिओसाठी म्हणून सेकंडहँड जीटी १०३० कोणी गळ्यात मारत असेल तर हात जोडा.

दर्जाचं म्हणाल, तर तेवढ्याच आकाराच्या फाइलमध्ये प्रोसेसरवर एक्स२६४ किंवा एक्स२६५ (एच.२६४ आणि एच.२६५ बांधणारे एन्कोडर) यांच्या सावकाश प्रीसेटने (तयार सेटिंगने) केलेलं काम अजूनही सरस दिसतं. हार्डवेअरला तोच दर्जा गाठायला फाइल मोठी करावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा किंवा पेनड्राइव्हने टीव्हीवर एकदा बघायचा व्हिडिओ असेल तर बेलाशक हार्डवेअर वापरा. आजोबांची एकुलती एक कॅसेट कायमची जपायची असेल तर प्रोसेसरला रात्रभर राबू द्या.

हार्डवेअर एन्कोडर निवडूनही प्रोसेसर ७० टक्के कशात गुंतलाय?

फिल्टरमध्ये. डीइंटरलेस (अर्धी चित्रं जोडून पूर्ण करणं), आकार बदलणं, चित्रातले दाणे काढणं, सबटायटल चित्रावर छापणं ही कामं हँडब्रेकमध्ये प्रामुख्याने प्रोसेसरवरच होतात. मूळ फाइल उलगडण्याचं कामही हार्डवेअरवर द्यायचं असेल तर प्रेफरन्समध्ये व्हिडिओच्या विभागात तो पर्याय आहे.

प्रीसेट आणि आरएफ आकडा यांचा उष्णतेशी काय संबंध?

आरएफचा फार थोडा, प्रीसेटचा थेट, पण तो लोक समजतात तसा नाही.

'स्लो' प्रीसेट प्रोसेसरला जास्त तापवतो हा गैरसमज आहे. 'फास्ट' असो वा 'स्लो', सगळे कोअर पूर्ण भरलेलेच असतात. फरक पडतो तो किती वेळ भरलेले राहतात यात. 'मीडियम' सोडून 'व्हेरी स्लो' निवडलं की काम कैक पट लांबतं आणि दर्जात पडणारा फरक शोधायला चित्र थांबवून डोळे ताणावे लागतात. 'प्लासिबो' नावाचा प्रीसेट बनवणाऱ्यांनी ते नाव उगीच दिलेलं नाही. त्याच्या वाटेला जाऊ नका.

आरएफ हा दर्जाचा आकडा. तो जितका कमी तितकी फाइल मोठी. हँडब्रेकच्या मार्गदर्शिकेप्रमाणे जुन्या कॅसेट-डीव्हीडीच्या आकारासाठी १८ ते २२, फुल एचडीसाठी २० ते २४ आणि फोर-केसाठी २२ ते २८ ही सुरुवात आहे. आकडा साधारण ६ ने उतरवला की फाइल दुपटीच्या आसपास जाते. लोक 'बेस्ट हवं' म्हणून १२ ठेवतात आणि मूळ फाइलपेक्षा मोठी फाइल हातात पडते. मूळात नसलेला तपशील त्यातून निघत नाही.

एक्स२६५ हे एक्स२६४ पेक्षा बरंच जड काम आहे. जुन्या दोन-चार कोअरच्या मशीनवर हजारभर क्लिप करायच्या असतील तर एक्स२६४ पुरे. फाइल थोडी मोठी होईल, पण हार्ड डिस्कची जागा तुमच्या आठवड्यापेक्षा स्वस्त आहे.

वेग थोडा गेला तरी चालेल, पण मशीन थंड हवं. कुठली सेटिंग बदलू?

या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात आवडतं, कारण इथे सौदा आपल्या बाजूचा आहे. चिपमध्ये खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात तर वाढतेच, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि वरचा वेग गाठायला व्होल्टेजही चढवावं लागतं. म्हणून शेवटचा १०-१५ टक्के वेग सगळ्यात महाग पडतो. तेवढा सोडून दिला की उष्णता त्याच्या कितीतरी जास्त प्रमाणात उतरते.

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन प्रगत सेटिंगमधल्या प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटखाली 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० चं ९९ करा. आकडा एकने बदलतो, पण त्याने टर्बो बूस्ट, म्हणजे मूळ वेगाच्या वर जाण्याची सोयच बंद होते. डेस्कटॉप आणि जाडजूड लॅपटॉपवर याचा परिणाम लगेच दिसतो, तापमान कित्येकदा १५-२० अंशांनी उतरतं. पातळ लॅपटॉपचा मूळ वेगच फार कमी असतो, तिथे टर्बो काढून टाकला की काम रखडतं. अशा वेळी उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधला 'क्वाएट' किंवा 'बॅलन्स्ड' मोड बरा. काही नव्या लॅपटॉपवर विंडोज हा ९९ चा पर्याय दाखवतच नाही.

रायझेन डेस्कटॉप असेल तर बायोसमधला (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधला) इको मोड बघा. १०५ वॉटचा प्रोसेसर ६५ वॉटच्या हिशोबात चालवता येतो आणि वेगातली घट वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते. इंटेल लॅपटॉपवर पूर्वी थ्रॉटलस्टॉप या प्रोग्रॅमने व्होल्टेज कमी करता यायचं. २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षात्रुटी उघड झाली आणि त्यानंतरच्या बायोस अपडेटमध्ये अनेक कंपन्यांनी ही सोय बंद केली. तुमच्या लॅपटॉपवर स्लायडर हलत नसेल तर कारण बहुधा हेच.

थोडेच कोअर वापरायला सांगता येतं का?

येतं. हँडब्रेकच्या व्हिडिओ टॅबमध्ये जादा पर्यायांसाठी चौकट आहे. तिथे रोमन अक्षरांत एक्स२६४ साठी 'थ्रेड्स' आणि एक्स२६५ साठी 'पूल्स' लिहून बरोबरच्या चिन्हापुढे आकडा द्यायचा. आठ थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी आठ कामं चालवणाऱ्या, मशीनवर ४ किंवा ६ ठेवून बघा. फिल्टर मात्र या मर्यादेत येत नाहीत. ते धरून सगळंच आवरायचं तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये हँडब्रेकवर उजवी क्लिक करून 'सेट अ‍ॅफिनिटी'मधून कोअर काढून टाका. ते दर वेळी नव्याने करावं लागतं.

तरी कोअर कमी करण्यापेक्षा वेग कमी करणं मला पटतं. सगळे कोअर सावकाश चालले तर तेवढंच काम कमी विजेत होतं.

प्रायॉरिटी 'लो' केली, तरी मशीन तेवढंच गरम. का?

प्रायॉरिटी म्हणजे रांगेतला क्रमांक. दुसरं कोणी रांगेत नसेल तर शेवटचाही पहिला असतो. तुम्ही सोबत टायपिंग करत असाल तर मशीन अडखळणार नाही, एवढाच तिचा उपयोग.

मात्र इंटेलच्या १२ व्या पिढीपासूनच्या, मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर असलेल्या प्रोसेसरवर एक गंमत होते. हँडब्रेकची विंडो मिनिमाइज केली किंवा प्रायॉरिटी उतरवली, की विंडोज त्याला दुय्यम काम समजून छोट्या कोअरवर ढकलतं. मशीन एकदम थंड आणि वेग अर्ध्याहून कमी! 'काल दोन तासांत झालं, आज पाच तास दाखवतंय' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. विंडो समोर ठेवा, किंवा प्रेफरन्समधल्या अ‍ॅडव्हान्स्ड विभागात प्रायॉरिटी 'नॉर्मल'च्या वर न्या. ज्यांना थंड मशीनच हवंय त्यांना हे आयतं वरदान आहे.

जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून घेतलेल्या फाइल एवढ्या छोट्या असून इतका वेळ का खातात?

चित्र छोटं असतं, ७२० बाय ५७६, पण भारतात पाल पद्धत असल्यामुळे ते इंटरलेस्ड असतं, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. ती जोडून पूर्ण चित्रं करायला डीइंटरलेस लागतं. यॅडिफ हा फिल्टर हलका आहे, बीडब्ल्यूडीआयएफ थोडा जड पण बरा. दोन्हींत 'बॉब' निवडलं तर सेकंदाला ५० पूर्ण चित्रं मिळतात आणि वरातीतला नाच गुळगुळीत दिसतो. एन्कोडरचं काम त्याने जवळपास दुप्पट होतं, पण व्हीएचएस आणि मिनी-डीव्हीसाठी मी ते करायला सांगेन. डीइंटरलेस न करता कन्व्हर्ट केलेल्या फाइलमध्ये हलणाऱ्या कडांवर दाते कायमचे बसतात.

खरा खाऊ आहे तो एनएलमीन्स, दाणे काढणारा फिल्टर. तो प्रत्येक ठिपक्यासाठी आजूबाजूला सारखे दिसणारे ठिपके धुंडाळतो आणि वेग एक-अंकी फ्रेमवर आणून ठेवतो. व्हीएचएसची वळवळ कमी करायला तो चांगला आहे यात वाद नाही. पण 'स्ट्राँग' लावलात तर शालूची जर आणि आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दोन्ही पुसून जातात. 'लाइट'वर एका मिनिटाचा तुकडा करून बघा, मग ठरवा. झटपट हवं असेल तर एचक्यूडीएनथ्रीडी पुरे.

मिनी-डीव्हीची मूळ फाइल तासाला सुमारे १३ जीबी होते. जागा असेल तर ती ठेवाच. कन्व्हर्ट केलेली प्रत बघायला, मूळ जपायला.

नागपूरला मे महिन्यात खोलीतच ४० अंश असतात. काम करावं की नाही?

फॅनचा वेग आणि खर्च होणारी वीज तीच असेल तर खोलीचं तापमान १० अंशांनी वाढलं की प्रोसेसरचंही साधारण तेवढंच वाढतं. जानेवारीत ८२ दाखवणारा लॅपटॉप मे महिन्याच्या दुपारी ९५ ला टेकणारच, त्यात लॅपटॉपचा दोष नाही. विदर्भात, खानदेशात उन्हाळ्यात हे काम पहाटे लावा. रात्री अकरालाही भिंती तापलेल्याच असतात, तीन-चार वाजता त्या निवतात.

डेझर्ट कूलर चालतो, फक्त मशीन त्याच्या थेट झोतात ठेवू नका. जाळीतून उडणारे तुषार आणि पाण्यातला क्षार आत बसतो. कूलरची हवा दमट असते, पण चालू मशीन खोलीपेक्षा गरम असल्यामुळे आत पाणी जमत नाही. कोकणातल्या आणि गोव्यातल्या लोकांची अडचण वेगळी. तिथे तापमान कमी, पण खारी दमट हवा फॅनच्या पात्यांवर धुळीचा चिकट थर बसवते. साफसफाई जास्त वेळा करावी लागते.

लॅपटॉपसाठी एसी लावायची गरज नाही. लावलेलाच असेल तर उत्तम.

कूलिंग पॅड घेऊ का?

आधी लॅपटॉपची मागची बाजू जाड पुस्तकाने किंवा दोन बाटल्यांच्या झाकणांनी वर उचलून बघा. बहुतेक लॅपटॉप हवा खालून ओढतात, आणि दोन-तीन सेंटिमीटरची फट मिळाली की चार-पाच अंशांचा फरक पडू शकतो. पॅडच्या फॅनने त्यात थोडी भर पडते, पण पॅडचे फॅन आणि लॅपटॉपच्या जाळ्या समोरासमोर आल्या तरच. गादी, उशी, मांडी, दुलई या चार जागा कन्व्हर्ट करताना वर्ज्य.

दोन वर्षांपूर्वी तापत नव्हता, आता तापतो.

धूळ, नाहीतर सुकलेली पेस्ट. बहुधा दोन्ही.

फॅन आणि तांब्याच्या नळीच्या टोकाला असलेली बारीक पात्यांची जाळी यांच्यामध्ये धुळीचा नमदा तयार होतो. बाहेरून फुंकून तो निघत नाही, खालचं झाकण उघडावं लागतं. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा फॅन ब्लोअरच्या झोतात त्याच्या मर्यादेपलीकडे फिरतो आणि बेअरिंग जातं. बॅटरीची पिन आधी काढा.

थर्मल पेस्ट तीन-चार वर्षांत बदलावी, रोज काम असेल तर लवकर. दुरुस्तीवाल्याकडे देणार असाल तर कुठली पेस्ट लावणार ते विचारा. पंधरा-वीस रुपयांच्या पुडीतली पांढरी पेस्ट काही महिन्यांतच खडू होते. ग्राफिक्सच्या मेमरीवर पेस्ट नसून मऊ पॅड असतात. ते तेवढ्याच जाडीचे परत बसले पाहिजेत, नाहीतर प्रोसेसरवरचा दाब बिघडतो आणि नवी पेस्ट लावूनही तापमान वाढलेलं दिसतं.

असेंबल केलेला डेस्कटॉप कन्व्हर्ट सुरू करताच ९८-१०० वर जातो.

कॅबिनेट उघडा आणि प्रोसेसरवरचा कूलर हलका हलवून बघा. इंटेलच्या सोबत येणाऱ्या जुन्या गोल कूलरला चार प्लॅस्टिकच्या ढकलून बसवायच्या पिना असतात. वाहतुकीत किंवा साफसफाईत एखादी सुटते, कूलर एका बाजूने उचलला जातो, आणि साधी कामं व्यवस्थित चालत असताना व्हिडिओ लावला की पारा चढतो. पिन नीट बसवायला खर्च शून्य.

मग कॅबिनेटची हवा बघा: पुढून आत, मागून आणि वरून बाहेर. पुढचा काचेचा बंद पॅनेल दिसायला झकास असतो, हवेला मात्र तो भिंतच. कॉम्प्युटर टेबलाच्या लाकडी खणात कोंबलेलं कॅबिनेट स्वतःचीच गरम हवा परत ओढतं, ते बाहेर काढा.

लॅपटॉप चार्जरवर ठेवून काम करावं की बॅटरीवर?

चार्जरवरच. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप वेग उतरवतात. चार्जर मूळ वॉटेजचाच हवा. ६५ वॉटच्या जागी मोबाइलचा किंवा ४५ वॉटचा टाइप-सी लावला तर चार्जिंगची खूण दिसत राहते आणि प्रोसेसर मात्र बांधून ठेवलेला असतो.

उष्णतेने लॅपटॉपमधलं काही लवकर म्हातारं होत असेल तर ती बॅटरी. पूर्ण भरलेली आणि गरम, हा लिथियम-आयनला सगळ्यात न मानवणारा मेळ आहे. उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्ज ८० किंवा ६० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करून ठेवा.

मध्येच लाईट गेली तर?

हँडब्रेक अर्धवट राहिलेली फाइल पुढे चालू करू शकत नाही, पहिल्यापासून सुरुवात. त्यातही एमपी४ ची अनुक्रमणिका साधारणपणे सगळ्यात शेवटी लिहिली जाते, म्हणून अर्धी एमपी४ उघडतच नाही. एमकेव्ही जिथवर लिहिली गेली तिथवर चालते. जिथे लाईटचा भरवसा नाही तिथे एमकेव्हीमध्ये काम करा आणि शेवटी रीमक्स करून एमपी४ बनवा. तीन तासांची कॅसेट असेल तर तुकडे पाडून रांगेत लावा.

६०० व्हीएचा छोटा यूपीएस पूर्ण भाराच्या डेस्कटॉपला काही मिनिटंच धरतो, तेवढ्यात काम पॉज करून मशीन हायबरनेट करा. घरच्या इन्व्हर्टरवर डेस्कटॉप असेल तर मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे ना ते पाहा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला लागणारा क्षण मशीन रीस्टार्ट करायला पुरतो.

एसएसडी टाकली, रॅम वाढवली तर वेग वाढेल का?

एसएसडीने जवळपास नाही. ५ एमबीपीएसचा व्हिडिओ म्हणजे सेकंदाला जेमतेम ०.६ एमबी लिहिणं. चौपट वेगाने काम झालं तरी अडीच एमबी. जुनी हार्ड डिस्कही हे हसत पेलते. रीमक्समध्ये मात्र एसएसडीचा फरक जाणवतो, कारण तिथे नुसती उचलठेव आहे.

रॅम ८ जीबी असेल आणि फोर-के एक्स२६५ किंवा एव्ही१ करत असाल तर ती कमी पडू शकते. डिस्क सारखी खडखडायला लागली आणि प्रोसेसर १०० वरून उतरला तर ती खूण. एकच रॅमची पट्टी असेल तर तशीच दुसरी टाका, दोन वाटांनी डेटा जायला लागतो. फुल एचडीपर्यंतच्या कामाला ८ जीबी पुरते.

एकाच वेळी दोन फाइल लावल्या तर लवकर होईल?

मोठ्या फाइलमध्ये नाही, कोअर आधीच भरलेले असतात. ५७६ ओळींच्या छोट्या व्हिडिओत मात्र वाटून द्यायला कामच कमी पडतं, आणि आठ-बारा कोअरच्या मशीनवर अर्धे कोअर रिकामे दिसतात. तिथे दोन फाइल एकत्र चालवल्या तर एकूण वेळ वाचतो. उष्णताही त्या मानाने वाढेल.

मॅकबुक एअरवर करावं का?

२०२० च्या एम१ पासून एअरमध्ये फॅनच नाही. छोट्या क्लिप सुसाट होतात. लांबलचक एक्स२६५ लावलं की थोड्या वेळाने वेग उतरतो. व्हिडिओटूलबॉक्स निवडा, एअरवर तेच शहाणपणाचं. रोज हेच काम असेल तर फॅनवाला प्रो किंवा मिनी घ्या.

कन्व्हर्ट अर्ध्यात आपोआप बंद पडतं. उष्णताच असेल ना?

संपूर्ण मशीन बंद पडत असेल तर उष्णता किंवा कमकुवत एसएमपीएस (डेस्कटॉपला वीज पुरवणारा डबा). फक्त प्रोग्रॅम बंद पडत असेल आणि तेही दर वेळी एकाच मिनिटाला, तर मूळ फाइल तिथे खराब आहे. वेगवेगळ्या ठिकाणी पडत असेल तर रॅम किंवा ओव्हरक्लॉक (ठरल्यापेक्षा वाढवलेला वेग) तपासा. एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची बायोसमधली सेटिंग) तात्पुरतं बंद करून पुन्हा लावा, तेवढ्यावरही निदान होतं.

इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीच्या डेस्कटॉप आय७ आणि आय९ वाल्यांनी आधी बायोस अपडेट करावा. या प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येते हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टपासून सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्रॅम) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. व्हिडिओसारख्या सलग भारात हा दोष चटकन उघडा पडतो. अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही, म्हणून त्यानंतरही क्रॅश होत असेल तर वॉरंटीत प्रोसेसर बदलून मागा.

रात्रभर चालू ठेवून झोपलं तर चालेल?

डेस्कटॉप असेल तर खुशाल. लॅपटॉप असेल तर टेबलावर, उघडा, कागद-कपड्यांपासून दूर. झाकण मिटलं की झोपी जाण्याची सेटिंग बदलून झाकण बंद ठेवू नका, बऱ्याच लॅपटॉपची काही हवा कीबोर्डमधून खेळते. बॅटरी फुगलेली असेल, टचपॅड वर आलेला दिसत असेल, तर रात्री काय, दिवसाही लावू नका. आधी बॅटरी बदला.

हँडब्रेकमध्ये रांग संपल्यावर मशीन बंद करण्याचा पर्याय आहे, तो निवडा. झोपण्याआधी दोन मिनिटांचा प्रीव्ह्यू करून आवाज आणि चित्र जुळतंय ना ते ऐका. मोबाइलच्या व्हिडिओत फ्रेमचा वेग बदलता असतो, जुन्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तो आवाज मागेपुढे करतो. एडिट करणार असाल तर 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा.

लाईट बिल किती येईल?

लॅपटॉप ६० वॉट खेचत असेल तर पाच तासांत ०.३ युनिट. युनिट १० रुपये धरलं तरी तीन रुपये. डेस्कटॉप १५० वॉट धरला तर रात्रभराच्या आठ तासांचे १.२ युनिट, म्हणजे बारा रुपये. मॉनिटर बंद करा, तेवढे आणखी वाचतील.